बिनआवाजाचे टायर

सुमंगलाने नव्या टायरला कान लावला, तसं सदाशिवला हसू फुटलं.

"बाईनू, टायर असो बोलाचो नाय. रस्त्याक लागलो काय मगे बोलता."

"म्हणून तर विचारते. ह्यांतला सगळ्यांत कमी बोलणारा कुठला?"

सदाशिव मूळचा दोडामार्गचा. गोव्यात साखळी गावी त्याचं टायरचं दुकान होऊन वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं ते टायर किती वर्षं जाईल ते विचारत. विजेच्या गाड्या आल्यापासून एका चार्जमध्ये किती किलोमीटर पडतील तेही विचारतात. आवाजाचं कोणी काढत नाही.

सुमंगलाने बाहेर उभ्या गाडीकडे बोट केलं. पुढच्या सीटवर तिचा नवरा, गुरुदास, समोर बघत बसला होता.

"ह्यांनी खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवला. कान गेले. आता तीन महिने झाले, दोन्ही कानांत यंत्रं घातलीत. घरात सगळं ऐकू येतं, अगदी मी पुटपुटले तरी. पण गाडी सुटली की यंत्रं काढून खिशात ठेवतात. विजेची गाडी, इंजिनाचा आवाज नाहीच. मागे राहते ती टायरची घरघर. तीच यंत्रात मोठी होऊन डोक्यात घुमते म्हणतात. पणजीला जाऊन परत येतो, एक शब्द नाही. मी काय स्टेअरिंगशी बोलू?"

सदाशिवचं हसू गेलं. त्याने दर्शनी ठेवलेला रुंद, रुबाबदार टायर पुढे ओढला आणि त्याच्यावरून तळहात फिरवला.

"ह्यो दिसाक झ्याक. पण ह्येचे ठोकळे बघा, सगळे एकाच मापाचे. रस्त्यार भजन करतलो. आणि रुंद आसा, म्हणजे चार्जय खातलो." तो टायर त्याने बाजूला सारला. मग दुसरा. "ह्यो हलको धावता, चार्ज वाचयता. पण बॅटरीची गाडी जड. ह्येका ता वजन पेलाचा नाय."

तिसरा आणायला तो आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या शर्टाला धूळ लागली होती. ह्या टायरवरचे ठोकळे लहानमोठे होते, आणि आतून जाड स्पंज चिकटवलेला.

"ह्यो आवाज गिळता. वजनय घेता. पंक्चर झालो तर काढूक तरास, पण तो माझो तरास."

"आणि चार्ज?"

"चार-पाच किलोमीटर वाढतले, कमी होवचे नाय."

सुमंगलाने स्पंज बोटाने दाबून पाहिला. "ह्यांना नक्की फरक पडेल?"

"खोटा कशाक सांगू? तेंच्या यंत्रात कसा ऐकाक येता, ता माका काय म्हायत? बसवतंय. एक फेरी मारून येवा. पटला नाय तर परत काढून घेतंय."

जॅक लागला. चारही चाकं उतरली, नवे टायर चढले, एकेक चाक मशीनवर फिरवून सदाशिवने तोल साधायची वजनं ठोकली. गुरुदास बाकावर बसून बघत होता.

"टायर बदलून कान येतात काय गो?" त्याने विचारलं.

सुमंगला स्टेअरिंगमागे जाऊन बसली.

गाडी साखळीबाहेर पडताना त्याचा हात सवयीने कानाकडे गेला. तिने एका हाताने तो धरला. "असू द्या. आमोण्यापर्यंतच."

तो कपाळाला आठ्या घालून बसला, दुखरा दात डॉक्टरपुढे करावा तसा. तिने वेग वाढवला. चाळीस. पन्नास. साठ. त्याच्याकडे बघायचं तिने टाळलं.

"सुमा," तो म्हणाला, "गाडी बंद पडली काय?"

"साठावर आहे."

त्याने काच खाली केली, वर केली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग तो मागे टेकला. आठ्या गेल्या होत्या. तो रस्ता बघू लागला आणि तिला वाटलं, बोलणं संपलं, एवढंच.

"त्या झाडाकडे," तो अचानक म्हणाला, "एकदा बैल बसला होता. रस्त्याच्या मधोमध. माझ्या मागे अकरा ट्रक, सगळे खनिजाने भरलेले. खाली नदीत, जेटीला माल न्यायची बार्ज थांबलेली. आम्ही हॉर्न मारले, शेपटी पिळली. हालायला तयार नाही."

"मग?" सुमंगलाने विचारलं. आवाज न चढवता, चुलीपाशी विचारावं तसं.

"मग काय! सुपरवायझर आला जीप घेऊन. तो बैलावर ओरडला, बैल त्याच्याकडे बघून रवंथ करू लागला. शेवटी कमलाक्षी आली, ज्यांचा बैल त्या घरची म्हातारी. हातात काठी नाही, दोरी नाही. वाकली, आणि बैलाच्या कानात कायतरी बोलली..."

तो दोन्ही हात हलवून सांगत होता. म्हातारी कशी वाकली तेही त्याने सीटबेल्ट ताणून दाखवलं. आमोण्याचा फाटा आला. सुमंगलाने तो जाऊ दिला.

गुरुदासने वळून मागे पाहिलं. "अगो, फाटा मागे गेला! आता सरळ पुलावर जाशील."

"जाईन," ती म्हणाली. "बैलाच्या कानात म्हातारी काय बोलली, ते सांगा अगोदर."