काकणभर

सकाळी साडेदहाला, रिकाम्या थिएटरात मॅनेजरने ऑपरेटरकाकांच्या कानांची परीक्षा घेतली. सिनेमाच्या दोन डिजिटल ध्वनी-फॉरमॅटचे आवाज एका पातळीवर आणायचं काम वीस वर्षं काकाच करत होते. मॅनेजरच्या सांगण्यावरून तंत्रज्ञाने एकच तुकडा दोनदा ऐकवला, पण मुद्दाम दोन्ही वेळा एकाच फॉरमॅटचं बटण दाबलं.

“दुसऱ्या वेळचा काकणभर मोठा आहे,” काका म्हणाले.

“अहो काका, दोन्ही वेळा एकच होता! कान गेले तुमचे. बसा आता घरी नातवंडं सांभाळत.”

काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

बारा वाजता तंत्रज्ञाला यंत्रातली नोंद दिसली. दुसऱ्या वेळी तो फॉरमॅट अडखळला होता, म्हणून यंत्र आपोआप दुसऱ्या फॉरमॅटवर गेलं होतं. त्याने मोजलं. आवाज दीड डेसिबल मोठा निघाला.

“साहेब, काकांना परत बोलावू?”



“आधी तो फरक मिटव, आणि ती नोंदही,” मॅनेजर म्हणाला.