चौदा मार्चचं समन्स

"जामीन मंजूर झालाय, ताई," सरकारी वकील मिठबावकरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आरोपी सुटला तर तुमच्यावर दबाव आणेल, हा आपला मुख्य मुद्दा होता. पण पुढचं भाकीत करणाऱ्या कोर्टाच्या यंत्राने ती शक्यता शून्य टक्के धरली."

शेवंताने समोर पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या भावाला संपवणारा उदाजी पोलिसांशी हसत बोलत होता. खटल्यात ती एकटीच साक्षीदार होती.

"शून्य? कालच त्यानं दारात माणसं पाठवली होती! जजसाहेबांना सांगा की."

"साहेब यंत्राच्या अहवालाबाहेर जात नाहीत. सहा वर्षांत यंत्र एकदाही चुकलेलं नाही."

"म्हणजे तो मला काही करणार नाही?"

बाईंनी हातातला अहवाल पालथा घातला. शेवंताने तो ओढून घेतला. तळाशी कारण छापलेलं होतं: 'साक्षीची तारीख चौदा मार्च. त्या दिवशी साक्षीदार हयात नसेल. सबब दबावाचा प्रश्न उद्भवत नाही.'

कोर्टाच्या कारकुनाने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं.

"आदेश समजल्याची सही करा, बाई. तुमचं चौदा मार्चचं समन्स रद्द झालंय."