अकरा सांत्वनपत्रं

सकाळी वत्सला टिपणीस यांच्यापुढे अकरा सांत्वनपत्रं सहीला आली. मोहीम उद्याची होती.

संरक्षण मंत्रालयातल्या यंत्राचा अंदाज कधी चुकत नसे, म्हणून पत्रं आधीच तयार होत. जवानांच्या घरी पत्र पाठवणं वत्सलाबाईंकडे, मोहिमेला मंजुरी देणं देवस्थळींकडे. एकाने दुसऱ्याचा कागद पाहायचा नाही, असा नियम होता.

त्या पत्रं घेऊन देवस्थळींच्या खोलीत गेल्या.

"बाई, हा विषय माझ्या कार्यासनाचा नाही. माझ्या फाइलीत नावं नसतात."

"म्हणूनच आणलीत. वाचा, मोठ्यानं."

देवस्थळींनी चार नावं वाचली. पाचव्याला ते थांबले. मग त्यांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं आणि मोहिमेची फाइल कोरीच परत पाठवली.