पांढरी ओळ

प्रोग्राममध्ये एआयने लिहिलेल्या ओळी पिवळ्या रंगवायच्या, असा कॉम्प्युटरच्या मॅडमचा नियम होता. पायलचे सगळेच कागद पिवळे निघाले. “प्रोजेक्टले हळद लागली वं!” मागून मैत्रीण ओरडली. वर्ग हसला. मॅडमनी कागद चाळले. एकच ओळ पांढरी होती. एसटी यवतमाळहून सुटली की प्रोग्राम बाबांच्या फोनवर पाठवणार तो निरोप: ‘बाबा, मी बसली. फाट्यावर या, डोक्याले दुपट्टा बांधून.’ “एसटी उशिरा येते, बाबा सायकल घेऊन उनात उभे राह्यतेत,” पायल हळूच म्हणाली. “निरोप चुकीच्या वेळी गेला, तर प्रोग्राम दुरुस्त करता येईल तुला?” मॅडमनी विचारलं. पायलने नकारार्थी मान हलवली. “नापास करसान का, मॅडम?” “आज गुण देत नाही. रोज थोड्या पिवळ्या ओळी समजून घे, स्वतः लिही. मी बसते सोबत.” “अन् पांढरी?” मॅडमनी ओळीवरून बोट फिरवलं. “तिला हात लावू नकोस.”