कॉम्प्युटरचा गारवा

कॉम्प्युटर तापून बंद पडत राहिला, तर त्याच्या नावावर ऑफिसात एसी येईल आणि शेजारच्या खुर्चीत आपणही गार होऊ, असा नेवाशाजवळच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी गहिनीनाथ याचा हिशेब होता. म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन आतल्या पंख्याचा वेग गुपचूप पार कमी केला. दुपारी, दूध घालणाऱ्यांच्या रांगेसमोरच स्क्रीन काळी झाली.

"काकू, मानसाचं सोडा, पन याला गारवा पायजेच," तो चेअरमन रतनबाईंना कळवळून म्हणाला.

"व्हय रं बाबा, बघवंना त्याचे हाल," म्हणत रतनबाईंनी टेबलखुर्चीसकट कॉम्प्युटर पनीरच्या कोल्ड रूममध्ये हलवला.

आता कॉम्प्युटर मजेत आहे. गहिनीनाथ मात्र ऐन मे महिन्यात स्वेटर, कानटोपी घालून घरून निघतो, आणि वाटेत भेटेल तो विचारतो, "भाऊ, काश्मीरला का?"