उकंड्यावरचे दोन दिवे

"एक चिंधीसुद्धा मिळनार न्हाई या घरातून," उकंडराव म्हणाले आणि पानाची पिचकारी अंगणाबाहेर टाकून मोकळे झाले.

नर्स केशरबाई रिकामं धोतर काखेत धरून पायरीशी उभी होती. सकाळपासून ती हट्टा गावातली घरं फिरत होती. बांगलादेशातली लढाई संपून दोन-तीन महिने झाले होते. ढाक्याला एक आश्रम निघाला होता. सैनिकांनी नासवलेल्या आणि घरच्यांनी बाहेर काढलेल्या पोरी तिथे बाळंत होत होत्या. त्यांच्यासाठी जुनी लुगडी, दुपटी, कुंच्या गोळा करून उद्याच्या एसटीनं परभणीला पोचवायच्या होत्या. पण दारोदार एकच उत्तर मिळत होतं: आधी उकंडराव काय देतात ते बघू. त्यांनी हात सैल सोडला की गाव देणार, त्यांनी आखडला की गावही आखडणार.

"मालक, नवं काहीच नको. तान्ह्या लेकराला जुनं, मऊ कापडच लागतं."

"आन् बाप कोन त्या लेकरांचे? ठावं हाय कुनाला? उकंड्यावरची लेकरं ती! त्यांच्यासाठी माझ्या घरची लुगडी काहून देऊ?"

आता उकंड्याला, म्हणजे गावच्या उकिरड्याला, नाक मुरडायचा अधिकार निदान या माणसाला तरी नव्हता. त्यांचं नावच तिथून आलेलं. त्यांच्या आईची, मनकर्णाबाईंची, सात लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून आठव्याला जन्मल्या जन्मल्या उकंड्यावर ठेवलं आणि टाकलेलं पोर सापडलं असं म्हणत सुईणीनं सुपात घालून परत आणलं, असं गाव सांगायचं. हे कुणाचंच नाही असं मरणाला वाटावं, आणि त्यानं ते सोडून द्यावं. तशी रीतच आहे. उकंडराव तर जगले, आडवेतिडवे वाढले, पन्नाशी गाठली. यमाला टोपी घालून आलोय, असं मिशीला पीळ देऊन सांगायचे. दिवाळीत सारं गाव उकंड्यावर एक दिवा लावतं, मनकर्णाबाई दोन लावायच्या. "एक लक्ष्मीचा, दुसरा माझा," हेही ते हौसेनं सांगायचे.

"उकंडा, आत ये," माजघरातून हाक आली.

गाव ज्यांना चळाचळा कापायचं, ते उकंडराव मुकाट आत गेले. म्हातारीनं ट्रंक उघडली होती. तिच्या मांडीवर एक अर्धं लुगडं होतं. रंग उडालेला, एक कड टराटरा फाडलेली.

"वळखलं का? तुझं पहिलं कापड."

"व्हय. सुईणीनं गुंडाळलं व्हतं मला."

"सुईणीनं न्हाई, बाबा." मनकर्णाबाईंचा आवाज कापला नाही. "माझं आठवं पोटातच गेलं. पहाटं सुईण त्याला पुरायला घेऊन निघाली, तं उकंड्यावर एक लेकरू रडून राहिलं व्हतं. ते तू."

उकंडराव भिंतीला टेकले.

"आदल्या दिवशी एक पोरगी आपल्या दारात आली व्हती. सोळा-सतरा वर्साची, दिस भरलेली, नवरा न्हाई. साऱ्या गावानं हाकललेली. बसायला जागा मागत व्हती. पोटुशी बाईवर असलीची सावली पडू नये म्हनत्यात. म्या कडी लावली."

"मंग?"

"दुसऱ्या दिवशी आडात सापडली. अंगावर अर्धंच लुगडं व्हतं."

पन्नास वर्षं या बाईनं डोळ्यांत तेल घालून त्यांना वाढवलं. साधा ताप आला तरी रात्र रात्र बसून काढली. आणि पन्नास वर्षं ही लावलेली कडी एकटीनं उरात वागवली. औंढ्याला नागनाथाच्या देवळातल्या भुयारात वाकून उतरल्यावर व्हायचं तसं उकंडरावांना झालं. अंगावर काटा आला.

"दुसरा दिवा..." ते कसंबसं म्हणाले.

"तिचा."

म्हातारीनं लुगड्याची घडी त्यांच्या हातात दिली. "तुझा बाप गेला, सुईण गेली. आता कुनालाच ठावं न्हाई. भावकी जमिनीवर टपून बसलीय, त्यांच्या कानावर गेलं तं तुला कोर्टात वढतील. ट्रंकीत ठिव, न्हाईतर भायेर ने. तुझं तू ठरव."

उकंडराव बाहेर आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. चुलतभाऊ किशनराव सगळ्यांच्या पुढे. उकंडरावांच्या दोन्ही हातांवर आईच्या लुगड्यांचा ढीग होता, आणि सगळ्यात वर ते अर्धं. केशरबाईनं धोतर अंथरलं. त्यांनी स्वतः खाली बसून एकेक घडी त्यावर मांडली. उकंडराव जमिनीवर बसलेले गावानं पहिल्यांदाच पाहिले.

"दादा, बाकीचं ठीक हाय," किशनराव हसला. "हे फाटकं कुनाचं?"

उकंडरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग जमलेल्या एकेकाकडे. केशरबाईनं चिठ्ठी काढली. "देणाऱ्याचं नाव काय लिहू, मालक?"

"लिव्हा, उकंड्यावरचं लेकरू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रीत म्हनून ठिवलेलं न्हाई, खरंच टाकलेलं. आन् हे फाटकं त्याच्या आईचं हाय. तिला या गावात एकानं बी दार उघडलं न्हाई."