एक फेरा आधी

"ऐकलंत?" म्हाताऱ्याने फिरत्या रेकॉर्डकडे बोट केलं. "प्रत्येक शब्द ती आधी कुजबुजते. मग मोठ्याने बोलते."

मध्यस्थ हसला. त्याचं खरं नाव गिऱ्हाइकं केव्हाच विसरली होती. रेकॉर्ड फिरवणाऱ्या कुठल्या टर्नटेबलला सुई धरणारा कुठला आर्म लावायचा आणि त्या आर्मच्या टोकाला सुईचं कुठलं कार्ट्रिज शोभेल, हे तो ठरवायचा. लग्नं जुळवावीत तशा या जोड्या जुळवायचा, म्हणून मध्यस्थ. महिन्याभरात म्हाताऱ्याकडे ही त्याची चौथी खेप होती. दर खेपेला आधीपेक्षा हलका आर्म, आधीपेक्षा नाजूक सुई. आणि दर खेपेला म्हातारा म्हणायचा, अजून थोडं स्पष्ट हवं.

ऐकायची रेकॉर्ड मात्र एकच. म्हातारा जहाजावर इंजिनियर होता तेव्हा बायकोने स्टुडिओत जाऊन त्याच्यासाठी बनवून घेतलेली. नळ गळतोय, पोरीचा दात पडला, शेजारचं कुत्रं आपल्याच पायरीवर झोपतं, असल्या घरच्या बातम्या. आणि शेवटी, 'जागा संपली, ठेवते आता.' तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"भूतबीत काही नाही, साहेब," मध्यस्थ म्हणाला. "रेकॉर्डवरच्या खाचा एकमेकींना खेटून असतात. पुढच्या खाचेतला आवाज मधल्या भिंतीतून अलीकडे झिरपतो. म्हणून शब्द आधी बारीक ऐकू येतो, आणि तबकडीचा एक फेरा झाला की खरा येतो. जोडी फक्कड जमली तरच हे कानावर पडतं. माझी पाठ थोपटा की!"

"म्हणजे कुजबुज आली की मागोमाग खरा आवाज येतोच?"

"येणारच. कुजबुज त्याचीच तर असते."

म्हाताऱ्याने मान डोलावली. "मग आता शेवट ऐका."

'ठेवते आता' झालं. कोरी खाच सुरू झाली. नुसती खरखर. आणि त्या खरखरीच्या तळाशी तोच आवाज, अगदी बारीक, "अहो, चला."

मध्यस्थाने मनातल्या मनात एक फेरा मोजला. दुसरा मोजला. खरा आवाज काही आला नाही. त्याने सुई उचलली आणि भिंग डोळ्याला लावून खाच पाहिली. पुढे सगळं गुळगुळीत होतं. पुढे कुणी काही बोललेलंच नव्हतं, मग झिरपलं काय? पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्याने असं कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, गोळी राहिलीय तुमची," मुलगी दारातून म्हणाली. म्हातारा कुरकुरत आत गेला. तशी ती लगबगीने पुढे आली.

"काका, ते शेवटचं बंद करता येईल?"

"तुम्हालाही ऐकू येतं?"

"मागच्या खेपेला तुम्ही ती सुई बसवलीत तेव्हापासून. बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय. कपडे वाटून टाकले. कुठे निघालात असं विचारलं, तर म्हणतात, बोलावणं पक्कं होऊ दे." तिने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. "आई गेली. मला आता हे एकटेच आहेत, काका. मला नाही जाऊ द्यायचं त्यांना."

मध्यस्थाने आजवर मुद्दाम वाईट जोडी कधी लावली नव्हती. ती त्याने त्या दुपारी लावली. पेटीच्या तळातून एक जडशीळ आर्म काढला, त्याला एक स्वस्तातलं, बोथट गोल सुईचं कार्ट्रिज बसवलं. खाचेतल्या बारीक रेघांपर्यंत ही सुई पोचणारच नव्हती, वरवर घसटत जाणार होती. स्क्रू पिळताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. पण मुलीचा चेहरा पाहवत नव्हता.

म्हातारा परत आला. "आर्म जरा बदलून पाहिलाय," एवढंच बोलून मध्यस्थाने सुई टेकवली.

आवाज आला तो सपाट, घशात कापूस कोंबल्यासारखा. नळ गळला, दात पडला, कुत्रं झोपलं. एकाही शब्दाआधी कुजबुज नव्हती. 'ठेवते आता' झालं. खरखर आली आणि तेवढीच आली. मुलीने रोखून धरलेला श्वास सोडला.

आता म्हातारा आपल्यावर उखडणार, अशी मध्यस्थाची खात्री होती. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण ओसरला. कित्येक दिवसांनी हसावा तसा तो हसला.

"थांबली कुजबुज," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात ते अगदी बरोबर निघालं हो. ती असते फक्त एक फेरा आधी. म्हणजे आता फेरा पुरा झाला."

मध्यस्थाने घाईघाईने बटण बंद केलं, आर्म उचलून जागेवर ठेवला. तबकडी सावकाश फिरत थांबली.

"अहो, चला."

आवाज मोठा होता, मोकळा होता, आणि तो दाराकडून आला होता. मध्यस्थाने मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग ती झेपावली आणि तिने बाबांचा हात धरला, पण तोवर ते "आलो" म्हणून मोकळे झाले होते.